लिनक्स चालतं, सरकारी फॉर्म चालत नाही: माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही संगणकातली सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. वडिलांचा लॅपटॉप सहाव्या पिढीतला. धडधाकट, पण परीक्षेत नापास.

मग एका रविवारी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. आधी हार्ड डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहिलं. वायफाय, आवाज, कॅमेरा लगेच चालले. प्रिंटरने तेवढा अर्धा तास खाल्ला. आठवड्याभरात वडील सरावले. पत्त्यांचा डाव वेगळा दिसतो, एवढीच त्यांची कुरकुर.

अडलं ते एका सरकारी कार्यालयाच्या फॉर्मपाशी. पीडीएफ उघडली तर आत एकच पान: 'कृपया थांबा'. थांबलो. कितीही थांबलं तरी फॉर्म येणार नव्हता, कारण तो एक्सएफए या अडोबीच्या खास प्रकारचा होता आणि तो नीट उघडणाऱ्या अडोबी रीडरची लिनक्स आवृत्ती 2013 नंतर आलेलीच नाही. पुढे डिजिटल सही. सहीसाठीच्या टोकनसोबत (पेन ड्राइव्हसारखं उपकरण) आलेल्या सीडीत फक्त विंडोजवर चालणारी .exe फाइल. शेवटी शेजारच्यांचा लॅपटॉप मागून आणला.

तुम्ही सगळी कार्यालयं लिनक्सवर न्या, असं माझं मागणं नाही. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने 2013 पर्यंत सुमारे 15,000 संगणक लिनक्सवर नेले आणि 2017 मध्ये परत फिरायचा निर्णय घेतला. त्यात राजकारण किती आणि तांत्रिक अडचणी किती, यावर अजून वाद होतात. मला फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाची रीत पटते. 2005 मध्ये ओपनऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर, पुढच्या वर्षी फायरफॉक्स ब्राउझर आणि ईमेलसाठी थंडरबर्ड, आणि 2008 पासून उबंटू हे लिनक्स. आधी फाइली एकाच कंपनीच्या बंधनातून मोकळ्या केल्या, यंत्रणा नंतर बदलली.

तुमच्याकडून त्यातली पहिली पायरीच हवी आहे. फॉर्म साध्या पीडीएफमध्ये किंवा थेट ब्राउझरमध्ये भरता यावा. संपादन करायच्या फाइली ओडीएफ या खुल्या फाइल-प्रकारातही मिळाव्यात. ते 2006 पासून आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. आणि टोकनच्या खरेदीच्या निविदेत 'लिनक्स ड्रायव्हरसह' एवढे दोन शब्द घाला. निविदेत नसलेलं पुरवठादार आपणहून देत नाही, हे तुमच्या खात्याला मी काय सांगावं!

वडिलांचा पुढचा फॉर्म सहा महिन्यांनी भरायचा आहे.

आपला,
एक संगणक वापरणारा नागरिक