मन्याला, बर्लिंगेमबद्दल

मन्या लेका,

मेसेजना उत्तर दिलं नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. बीपी ठीक, आईचा गुडघा होता तसाच.

झालंय असं, ज्या पुण्याच्या कंपनीला मी आजवर आमची कास्टिंग विकली, रेटवरून घसा फोडला, त्यांनीच मला पर्चेसला बोलावलंय. म्हणजे आता टेबलाच्या पलीकडं बसून आमच्याच मालकांना म्हणायचं, किलोमागं दोन रुपये कमी करा. बायको म्हणते पगार बघ, काका खाल्ल्या मिठावर आलेत, त्यांचं तुला माहीतच आहे. तुला सांगतोय कारण जीएसच्या इलेक्शनला तू पलीकडच्या पॅनेलात गेलास तेव्हा गद्दार मीच म्हटलं होतं, आणि ते अजून मागं घेतलेलं नाही, हां!

तू तुमच्या कॅलिफोर्नियातल्या कॅल्ट्रेन लोकलमधून बर्लिंगेम स्टेशनचा फोटो टाकलेलास आणि म्हणालास, ज्याचं नाव दिलंय तो असेल कोणी बिल्डर. बिल्डर नव्हे रे. अँसन बर्लिंगेम, मॅसॅच्युसेट्सचा खासदार. १८५६ ला साउथ कॅरोलायनाच्या ब्रूक्स नावाच्या खासदारानं सिनेटमध्ये मॅसॅच्युसेट्सच्याच सिनेटर समनरला काठीनं बेदम मारलं, तेव्हा यानं भर सभागृहात ब्रूक्सची लाज काढली. ब्रूक्सनं द्वंद्वाचं आव्हान दिलं तर हा लगेच तयार, रायफली घेऊन ये म्हणाला, नायगाऱ्यापाशी, कॅनडाच्या हद्दीत. ब्रूक्स म्हणे तिथं जायला शत्रूच्या मुलखातनं, म्हणजे उत्तरेकडच्या राज्यांतनं, जावं लागतं, नाही जमणार. आपला पक्या असाच, कॅन्टीनमागं ये म्हणायचा आणि स्वतः घरी.

तर १८६१ मध्ये लिंकननं याला ऑस्ट्रियाला वकील, म्हणजे राजदूत नेमलं, पण हा ऑस्ट्रियाविरुद्ध उठलेल्या हंगेरीच्या कोशुतचा समर्थक, त्यांनी घेतलाच नाही, मग गेला चीनला. तिथं सहा वर्षं अमेरिकेची बाजू मांडली आणि १८६७ ला नोकरी सोडून निघाला तर चिनी दरबारच म्हणाला, आता आमचा वकील हो! चीनचा तोवर परदेशात कायमचा वकीलच नव्हता. हा झाला, सोबत दोन चिनी अधिकारी, आणि १८६८ ला वॉशिंग्टनमध्ये आपल्याच सरकारसमोर बसून तह केला. चिन्यांना अमेरिकेत यायला मोकळीक, चीनच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नाही. शांघायचे गोरे व्यापारी जाम भडकले, म्हणे हा चीनचं भलतंच गोड चित्र रंगवतोय.

मला यात फितुरी दिसत नाही. त्यानं अमेरिकेचं काय बुडवलं? उलट शब्द फिरवला अमेरिकेनंच, १८८० ला तह बदलून घेतला आणि १८८२ ला चिनी मजुरांना येणंच बंद केलं. पण माझी गोची वेगळी आहे मन्या. तो लंडन, पॅरिस, बर्लिन करत पीटर्सबर्गला पोचला आणि १८७० च्या फेब्रुवारीत न्यूमोनियानं तिथंच गेला, पन्नाशीही गाठली नाही. त्याला परत जाऊन जुन्या लोकांत बसावंच लागलं नाही. मला मात्र दर दिवाळीला शिरोलीत यायचंय, मालकांच्या पोराच्या लग्नात पंगतीला बसायचंय, आणि वाढपी कोण, तर ज्याचा रेट मी कापला तोच.

सोमवारी उत्तर द्यायचंय. तू पॅनेल बदलल्यावर वर्षभर त्याच मेसमध्ये आमच्यासमोर जेवत होतास, ते कसं जमवलंस तेवढं सांग. रविवारी फोन कर, तुझ्या सकाळी.

ग्रीन कार्डाचं काय झालं? पिंकी बोलते का मराठी? वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या