उन्हाळ्यात टायरची हवा कमी ठेवू नका. इंडियानापोलिसचा दाखला उलटा आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समृद्धी महामार्गावर टायर फुटून होणाऱ्या अपघातांवर गेल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला. विषय गरजेचाच होता. पण त्यात अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या २००५ च्या फॉर्म्युला वन शर्यतीचा दाखला देऊन 'उन्हाने टायर फुटतात, म्हणून उन्हाळ्यात हवा तीन-चार पौंड कमी ठेवा' असा चौकटीत सल्ला दिला आहे. दाखला चुकीचा आहे आणि सल्ला जिवावर बेतणारा आहे, म्हणून हे पत्र.

लेखात दोन वेगवेगळ्या वर्षांचे अपघात एक झाले आहेत. शर्यतपटू राल्फ शुमाकर तिथल्या १३ व्या वळणावर लागोपाठ दोन वर्षे आदळला. २००४ साली ट्रॅकवर पडलेल्या तुकड्याने टायर कापला गेला. त्याच्या मणक्याला इजा झाली, तो अनेक शर्यतींना मुकला. २००५ साली शुक्रवारच्या सरावात त्याच्या टोयोटा गाडीचा डावा मागचा टायर गेला, तेव्हा बाहेरून काहीही लागले नव्हते. टायर भाराखाली आतून खचला होता. आपल्या कामाचा दाखला हा दुसरा.

ते वळण साध्या रस्त्याचे नाही. अंडाकृती ट्रॅकचा तो भाग सव्वानऊ अंशांच्या आसपास कललेला आहे, त्रिज्या ८४० फूट. तिथून गाडी ताशी ३०० किमीच्या आसपास जाते. वळण उजवीकडचे, म्हणजे भार डाव्या टायरवर. रस्ता कललेला असला की बाहेर फेकणाऱ्या जोराचा काही हिस्सा गाडीला खाली दाबतो. ढोबळ हिशेब केला तर ६०० किलोच्या गाडीवर त्यापायी सुमारे अडीचशे किलो जादा भार येतो, आणि पंखांमुळे हवा वरून दाबते ते वेगळेच. या सगळ्या भाराखाली टायरची बगल, म्हणजे साइडवॉल, दबते. त्या गाडीला मिशेलिन कंपनीचे टायर होते, त्यांची बगल तिथे कमी पडली.

ऊन हेच कारण असते तर दुसऱ्या कंपनीचे, ब्रिजस्टोनचे, टायरही गेले असते. तोच ट्रॅक, तेच ऊन, आणि ते टायर लावलेल्या सहाही गाड्यांनी शर्यत पुरी केली. ब्रिजस्टोनच्याच फायरस्टोनचे टायर तीन आठवडे आधी तिथल्या ५०० मैलांच्या शर्यतीत धावले होते, म्हणजे त्या कललेल्या रस्त्याची ओळख त्यांच्या घरातच होती.

वेग कमी केला नाही तर आपले टायर दहा फेऱ्यांपुरतेच भरवशाचे, असे मिशेलिनने आपले टायर वापरणाऱ्या सातही संघांना कळवले. शर्यत ७३ फेऱ्यांची. त्या वर्षीच्या नियमाने पात्रता फेरी आणि शर्यत एकाच टायरसंचावर काढायची होती. फ्रान्सहून रातोरात दुसरे टायर आणले, त्यांतही तोच दोष निघाला. वळणाआधी वेग तोडणारा अडथळा घालायला शर्यतीचे नियमन करणाऱ्या एफआयए संघटनेने नकार दिला. अखेर १९ जूनला शर्यतीआधीची सरावफेरी संपताच मिशेलिनच्या १४ गाड्या पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत, वळल्या आणि शर्यतीत उतरल्याच नाहीत. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या. तरी तो निर्णय बरोबरच होता, असे आम्ही ठामपणे म्हणतो. जॉर्डन संघाचा नारायण कार्तिकेयन त्या दिवशी चौथा आला. त्याचे ते पाच गुण फुकटचे होते असे लेखात सुचवले आहे, तेही पटत नाही. तेच वळण त्यानेही दर फेरीला काढले.

आता आपल्या रस्त्याकडे येऊ. तिथे बगल जादा भाराने खचली, इथे ती कमी हवेने खचते. बाइंडिंगची तार दोन बोटांत धरून मागेपुढे भराभर वाकवा. वाकते तिथे ती तापते आणि तिथेच तुटते. हवा कमी असली की टायरची बगल दर फेऱ्याला अशीच दबते आणि सुटते. गावातून कारंजा किंवा मेहकरच्या इंटरचेंजपर्यंत, म्हणजे समृद्धीवर चढायच्या जागेपर्यंत, ४०-५० च्या वेगात हे कळत नाही. पुढे १२० चा काटा तासभर धरला की आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. असा टायर रिंगवरून उतरवला तर आत काळ्या रबराची भुकटी सापडते आणि बगलेवर गोल फिरलेली रेघ दिसते. तो टायर वरून नवा दिसला तरी पुन्हा चढवू नये.

उन्हाने हवा वाढते हे खरे, पण किती? साधारण पाच-सहा अंशांना एक पौंड. सकाळी २५ अंशांत ३३ भरलेली हवा दुपारी ४५ अंशांत ३६-३७ होईल. टायर बनवताना हे गृहीतच धरलेले असते. म्हणून धावून आलेल्या गरम टायरची हवा कधीही सोडू नये. गार झाला की तो कमी हवेवर राहतो. हवा पहाटे, गाडी हलवण्याआधी तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरील स्टिकरवरून घ्या. बहुतेक गाड्यांत तिथे दोन आकडे असतात, एक कमी माणसांचा आणि एक भरलेल्या गाडीचा. लग्नाला सात जण आणि कॅरिअरवर आहेराच्या पेट्या असतील तर दुसराच घ्यायचा. टायरवर छापलेला कमाल दाब भरण्यासाठी नसतो. नायट्रोजन भरला तरी हे सगळे तसेच लागू आहे.

बगलेवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. आपल्याकडे गाडी महिनोन् महिने निंबाखाली उभी असते, नक्षी शाबूत राहते आणि बगलेला बारीक चिरा पडतात. पांदणीच्या दगडाने किंवा खड्ड्याने फुगा आला असेल तर तो टायर वापरूच नये. नक्षी १.६ मिमीच्या खाली गेली की तो टायर गुळगुळीत गोटाच समजा. स्टेपनीही यातून सुटत नाही, तिच्यात हवा आहे का हे सहसा कोणी पाहतच नाही.

विदर्भात लग्नसराई आणि ४५ अंशांचे ऊन एकाच वेळी येतात. हवा कमी ठेवण्याच्या सल्ल्याची ती चौकट कापून दुकानात लावलेलीही दिसली. तेव्हा येत्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती छापावी, ही कळकळीची विनंती.

आपले,
टायर दुरुस्ती व रिमोल्डिंगचे काम करणारे वाचक
मेहकर तालुका, जि. बुलढाणा