एकाच ओट्यावर दोन पिठे

प्रिय सुधा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या चिन्मयला सीलिअॅक, म्हणजे गहू न सोसण्याचा आतड्याचा विकार, असल्याचे तुझ्या पत्रातून कळले. डॉक्टरांनी गहू बंद करायला सांगितला, पण दोन्ही वेळा पोळ्या लागणाऱ्या तुमच्या भरल्या घरात ते पाळायचे कसे, हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. आमच्या मीरासाठी आम्ही हेच सर्व करत आलो आहोत, म्हणून सविस्तर लिहिते.

घरातून गहू काढून टाकण्याची गरज नाही. मात्र त्याची जागा, वेळ आणि भांडी ठरवून द्यायला हवीत, कारण येता-जाता डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे कोणत्याच आईला वर्षानुवर्षे जमत नाही. बाधते ते ग्लूटेन, म्हणजे गहू आणि जव यांतले प्रथिन. दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅम ग्लूटेन बहुतेक रुग्णांना सोसते असे मानतात, आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या पोळीच्या तुकड्यात तेवढे सहज असते. शिवाय ते तापवल्याने नाहीसे होत नाही. तवा चांगला कडक तापवला तरी त्याला चिकटलेले पीठ बाधतेच.

पोळीपेक्षा मला पिठाची काळजी अधिक वाटते. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली की जात्यात राहिलेले गव्हाचे पीठ तिच्यात उतरते, आणि आपण निर्धास्तपणे ती भाकरी मुलाला वाढतो. बेसन आणि तांदळाची पिठी यांचेही तेच. शक्य असेल तर एक घरघंटी घे आणि तिच्यात गव्हाचा दाणाही पडू देऊ नकोस. मी हा खर्च सर्वांत आधी करीन. ज्वारी-बाजरी ताटात पसरून, उजेडात निवडून घे. ज्वारीच्या पांढऱ्या, गोल दाण्यांत मधे चीर असलेला लांबट तांबूस गहू चटकन नजरेस पडतो. त्यानंतर ती धुऊन, कडकडीत वाळवून दळ.

दुसरी गोष्ट हिंगाची. बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचे पीठ असते, म्हणजे साध्या वरणाच्या फोडणीतूनही गहू पोटात जातो. डबीवरचे घटक वाचून तांदळाच्या पिठाचा हिंग निवड आणि तोच सगळ्या घराला वापर. विकतची थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट यांतही गहू असू शकतो, ती घरीच कर. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवापासून बनतात, त्या बंद. 'ग्लूटेनमुक्त' लिहिलेल्या पाकिटात आपल्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, त्यामुळे तो शब्द पाहून घेतलेले बरे.

भांडी सगळी दुप्पट आणू नकोस. स्टीलची भांडी नीट घासली की पुरे. लाकडी पोळपाट-लाटणे, काठवट, लोखंडी तवा आणि पिठाची चाळण मात्र चिन्मयची वेगळीच हवी, कारण त्यांच्या रेघांत, छिद्रांत बसलेले पीठ निघत नाही. भांडी घासायचा काथ्याही वेगळा ठेव. सकाळी ओटा ओल्या फडक्याने पुसून आधी त्याची भाकरी थाप, ती झाकून ठेव आणि मगच कणीक काढ. कणीक चाळताना उडालेले पीठ बराच वेळ हवेत राहते, तेव्हा मिसळणाच्या डब्याचे झाकणही लावलेले असू दे. पुऱ्या तळलेल्या तेलात त्याचे पापड तळू नकोस. आणि तुपाचे भांडे! पोळीला लागलेला चमचा पुन्हा तुपात जातो, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याचे तूप आणि लोणचे लहान बरण्यांत वेगळे काढून वरच्या फळीवर ठेव.

सासूबाई 'एवढ्याशाने काय होतंय' म्हणतात, त्यात त्यांची मायाच आहे. त्यांना शांतपणे सांग, की गहू पोटात गेला की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरालाच इजा करते, आणि पोट दुखले नाही तरी ती इजा होतच असते. हे नवे खूळही नव्हे. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने गव्हाचा हा संबंध १९५० सालच्या आपल्या प्रबंधात मांडला होता. सासूबाईंकडेच चिन्मयच्या भाकरीचे काम सोपव. ज्यांच्या हाती जबाबदारी असते, ते नियम सांभाळतात, असा माझा अनुभव आहे.

सणावारी त्याच्यासाठी वेगळी वाटी करण्यापेक्षा सर्वांनाच चालेल असे काही कर. गणपतीला उकडीचे मोदक आहेतच. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा तांदळाच्या रव्याचा करता येतो. पंगतीत मुलाला सगळ्यांसारखेच ताट मिळणे, हे मला पथ्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नकोस. हा विकार घराण्यात चालतो, म्हणून धाकटीची आणि तुम्हा दोघांचीही रक्ततपासणी करून घ्या, आणि ती होईपर्यंत त्यांचा गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर विकार असूनही तपासणीत दिसत नाही. अहवाल आले की मला लगेच कळव. घरघंटी घ्यायला जाशील तेव्हा मीही सोबत येईन.

तुझी,
शैला