शरीर म्हणजे एकमार्गी जिना नव्हे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीतील मानवी शरीराच्या घडणीवरचे पान वाचले. अणू, रेणू, पेशी, ऊती, अवयव, इंद्रियसंस्था आणि शेवटी संपूर्ण माणूस, असा जिना त्यात रेखाटला आहे. सीमाभागातील आमच्या मराठी शाळांतही तो असाच पाठ करून घेतला जातो. क्रमाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु वरची पायरी म्हणजे खालच्या पायरीची नुसती बेरीज, हा त्यातून होणारा समज दूर व्हायला हवा.

लोहाचेच पाहा. प्रौढ शरीरात ते जेमतेम ३ ते ४ ग्रॅम असते आणि त्यातले निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिनमध्ये असते. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत प्रथिनांच्या चार साखळ्या आणि लोहाचे चार अणू असतात. एका अणूला ऑक्सिजन जोडला गेला की रेणूची ठेवण किंचित बदलते आणि उरलेल्या अणूंना ऑक्सिजन धरणे सोपे जाते. सुट्या साखळीत हा गुण नसतो. असे सुमारे २७ कोटी रेणू एका तांबड्या पेशीत मावतात. ही पेशी तयार होताना आपले केंद्रकच टाकून देते आणि तरीही साधारण १२० दिवस काम करते. (प्रत्येक पेशीला केंद्रक असतेच, असे ठासून सांगणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

शिवाय हुकूम वरून खालीही सुटतो. ऑक्सिजन कमी पडू लागल्याचे मूत्रपिंडाला कळते, ते एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक रक्तात सोडते आणि अस्थिमज्जा तांबड्या पेशींचे उत्पादन वाढवते. मात्र लोहच नसेल, तर हुकूम पोहोचूनही पुरेसे हिमोग्लोबिन बनत नाही, आणि एका मूलद्रव्याची तूट येळ्ळूरचा राजहंसगड चढताना मुलीला लागणाऱ्या धापेत दिसते.

सरकारी शाळांत आठवड्याला लोहाची गोळी दिली जाते. ती का घ्यायची, हे नीट सांगितले जातेच असे नाही. हा पाठ त्याच दिवशी, गोळी हातात असतानाच शिकवावा, असे शिक्षकांना सुचवावेसे वाटते. आपणही पुढच्या वेळी ते चित्र छापताना बाण दोन्ही दिशांना दाखवावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
खानापूर, जि. बेळगाव