रेपोर्तोफोनमधला 'फोन' टेलिफोन नव्हे

संपादक महोदय, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी शब्दांवर लेख होता, त्यात रोमानियन 'रेपोर्तोफोन'चा अर्थ 'रिपोर्टरचा फोन' असा दिलाय. तो चुकलाय हो. रेपोर्तोफोन म्हणजे आवाज टेप करायचं छोटं मशीन, बातमीदार मुलाखत घेताना समोर ठेवतात ते. त्यावरून कॉल लागत नाही.

घोळ झालाय तो 'फोन'मुळे. आपल्याला फोन म्हटलं की टेलिफोनच आठवतो, पण मूळ ग्रीक 'फोने' म्हणजे नुसता आवाज, म्हणून तर मायक्रोफोन आणि ग्रामोफोनमध्येही तो आहे. रोमानियात टेपरेकॉर्डरला म्हणतात 'माग्नेतोफोन', आणि हे मुळात जर्मनीच्या एईजी कंपनीच्या मशीनचं नाव, 1935 ला बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात दाखवलेलं. पुढे 1963 ला फिलिप्सची कॅसेट आली, मग कॅसेटवाल्या मशीनचा झाला 'कासेतोफोन'. बल्गेरियन आणि ग्रीकमध्येही जवळपास हाच शब्द आहे.

रोमानियनमध्ये 'दिक्ताफोन' पण आहे, तो इंग्रजी डिक्टाफोनचाच भाऊ, तेही 1907 चं ब्रँडचं नाव. ते मशीन ऑफिसातलं, साहेब बोलणार आणि टायपिस्ट ऐकून टाइप करणार. रेपोर्तोफोनला मात्र नाव मिळालं ते खांद्याला पिशवी अडकवून बाहेर फिरणाऱ्या माणसाचं, आणि म्हणूनच मला हा शब्द फार आवडतो.

त्यातला 'रिपोर्टर' खोदला तर अजून मजा आहे. लॅटिन 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणे, त्याच्या आधी 'रे' लागला की परत घेऊन येणे. तेच 'पोर्तारे' रोमानियनमध्ये घरचंच क्रियापद होऊन बसलंय, 'आ पुर्ता', म्हणजे वाहणे, आणि अंगात कपडे घालणे सुद्धा! म्हणजे एकच धातू, एकदा लॅटिनमधून पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी आलेला आणि दुसऱ्यांदा फ्रेंच-इंग्रजी फिरून 'रिपोर्टर' होऊन आलेला. लेखात हे एका ओळीत तरी यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

येत्या रविवारी दुरुस्ती छापा ही विनंती. माझा भाचा सातवीत आहे, तो तुमचं सदर कापून वहीत चिकटवतो, आणि रेपोर्तोफोनच्या पुढे त्याने टेलिफोनचं चित्र काढून ठेवलंय.

आपला,
एक वाचक, मिरज