मुद्रितं तपासण्याआधी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

सोबतच्या पाकिटात माझ्या ग्रीक ज्योतिषग्रंथाच्या मराठी भाषांतराच्या पहिल्या दोन फर्म्यांची मुद्रितं (प्रुफं) आहेत, म्हणजे ३२ पानं. बाबा, तुम्ही आकडे आणि ज्योतिषाच्या संज्ञा बघा. आई, तू मराठी बघ. जे वाक्य दोनदा वाचावं लागेल त्याच्या बाजूला समासात उभी रेघ मार, पण सुधारून लिहू नकोस. ते वाक्य मुळातच अडखळणारं आहे की माझ्या मराठीमुळे झालंय, हे ग्रीक उघडून ठरवावं लागतं.

ग्रंथ वेट्टियस वालेन्स या ज्योतिषाचा आहे. तो मूळचा अँटिओकचा, दुसऱ्या शतकातला, पुढे इजिप्तमध्ये गेलेला. नऊ भागांच्या या ग्रंथात शंभराहून जास्त खऱ्या कुंडल्या आहेत. ज्योतिषावर लिहिणारा टॉलेमी त्याच्याच काळातला, पण त्याने तत्त्वं मांडली, वालेन्सने रोजचं काम दाखवलं. ग्रीक मजकूर विल्हेल्म क्रोल यांनी १९०८ मध्ये संपादित केला आणि डेव्हिड पिंग्री यांनी १९८६ मध्ये पुन्हा केला. भाषांतर पिंग्रींच्या पाठावरून आहे. मार्क रायली यांचं इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवते, पण त्यावरून मराठी करायचं नाही हा नियम पक्का आहे. ते त्यांचं काम आहे. शिवाय इंग्रजीत एकदा घेतलेला अर्थ मराठीत आला की मूळ शब्दातली शंका पुसली जाते.

बाबा, तुम्हाला सगळ्यात जास्त अडेल ते ओळखीच्या शब्दांशी. केंद्र हा ग्रीकच शब्द, केंत्रोन, म्हणजे पराणीच्या टोकाची आर. पणफर, आपोक्लिम, जामित्र, हिबुक ही कुंडलीतल्या स्थानांची नावं आणि लिप्ता, म्हणजे अंशाचा साठावा भाग, हेही तिकडूनच आलेले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ग्रंथात या शब्दांची चर्चा केली आहे, आणि मराठीत हा विषय त्यांच्याइतक्या नेटाने फार थोड्यांनी हाताळला. या ओळखीमुळे सगळ्या ग्रीक संज्ञांना आपली संज्ञा लावून टाकावी असा मोह होतो. केंद्र, पणफर यांना तसं चालतं, कारण अर्थ बदललेला नाही. द्रेष्काणाला चालत नाही. राशीचे दहा-दहा अंशांचे तीन भाग दोन्हीकडे आहेत, पण ग्रीकांच्या एका प्रचलित क्रमाने मेषेच्या तीन भागांचे स्वामी मंगळ, रवी, शुक्र येतात आणि आपल्याकडे मंगळ, रवी, गुरू. पहिले दोन जुळतात, म्हणून वाचणारा गाफील राहतो आणि तिसरा छापखान्याची चूक समजून बदलून टाकतो. केमद्रुमाचंही तसंच. आपल्याकडे त्याचा अर्थ चंद्राच्या दुसऱ्या-बाराव्या स्थानात ग्रह नसणं. ग्रीकांच्या केनोद्रोमियात चंद्राचा पुढे कुणाशीच योग होत नसणं. तिथे मी ‘रिकामी धाव’ लिहिलं आहे आणि टीपेत केमद्रुमाशी नातं सांगितलं आहे. ते बदलू नका.

भाग्याचा क्लेरोस, म्हणजे गणिताने काढायचा कुंडलीतला एक बिंदू, हे तुमचं ताजिकातलं (वर्षफलाच्या पद्धतीतलं) पुण्यसहमच. दिवसाच्या जन्माला चंद्रातून रवी वजा करून लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारा अंश) मिळवायचं, रात्रीच्या जन्माला रवीतून चंद्र वजा करायचा. समजा लग्न वृषभ १०, रवी मेष १५, चंद्र कर्क १०. म्हणजे मेषेच्या आरंभापासून मोजून ४०, १५ आणि १०० अंश. दिवसाचं उत्तर १२५, सिंह ५. तेच रात्रीचं समजून केलं तर उणे ४५, म्हणजे ३१५, कुंभ १५. एक शब्द चुकला की सगळा फलादेश दुसऱ्याच राशीवर जातो. म्हणून ‘दिवसा’ आणि ‘रात्री’ हे शब्द प्रत्येक पानावर बोट ठेवून वाचा. ताजिकात पुढे एक राशी मिळवण्याची जी अट येते, ती वालेन्समध्ये नाही. ती आपल्याकडून घालू नका.

आता आकडे. ग्रीक हस्तलिखितांत अंक अक्षरांनी लिहितात, आपल्या कटपयादीसारखे (व्यंजनांना अंक देण्याच्या पद्धतीसारखे) नाही, सरळ क्रमाने: आल्फा १, बीटा २, इयोटा १०, लाम्दा ३०. जुन्या मोठ्या लिपीत आल्फा, डेल्टा आणि लाम्दा जवळपास सारखे दिसतात, म्हणजे १, ४ आणि ३० यांची गल्लत होते. तसंच एप्सिलोन आणि थीटा, ५ आणि ९. आपल्याकडे घाईच्या अक्षरात १ आणि ९ होतात तसंच. मुख्य हस्तलिखित, व्हॅटिकनमधलं ग्रीक १९१, वालेन्सनंतर हजारावर वर्षांनी लिहिलेलं आहे. इतक्या नकलांत किती आकडे सरकले असतील ते बघा.

गणित करून चंद्र जुळत नाही म्हणून पाठातला आकडा बदलायचा का? नाही. पाठात हस्तलिखिताचाच आकडा राहील, गणिताने येणारा टीपेत जाईल. याबाबत मी हट्टी आहे, त्याला कारण यवनजातक या संस्कृत ज्योतिषग्रंथाचं आहे. पिंग्रींनी १९७८ मध्ये तो ग्रंथ मुख्यतः काठमांडूच्या एका खराब झालेल्या हस्तलिखितावरून छापला. शेवटच्या श्लोकांत दुरुस्त्या करून इ.स. १४९-५० आणि २६९-७० ही सालं काढली, आणि ती पुढे सगळीकडे पक्की म्हणून वापरली गेली. नंतर संशोधक बिल माक यांना नेपाळातलंच आणखी एक हस्तलिखित मिळालं आणि त्या दुरुस्त्या टिकत नाहीत असं त्यांनी दाखवलं. मूळ पाठ आणि दुरुस्ती वेगळी छापलेली होती, म्हणूनच ते तपासता आलं. आपल्या पुस्तकात संपादकाने भर घातलेले शब्द कोनी कंसात, वगळायचे चौकटी कंसात आणि न लागणारी जागा दोन खंजीर-खुणांमध्ये आहे. कंस पडला असेल तर ती या पुस्तकातली सगळ्यात मोठी चूक समजा.

तारखांचं एक उदाहरण पूर्ण करून दाखवते, त्यावरून बाकीच्या तपासता येतील. रोमन सम्राट हेड्रियनचं ४ थं वर्ष, मेखिर या इजिप्ती महिन्याची १३ तारीख. ही कुंडली वालेन्सची स्वतःची असावी असं अभ्यासक मानतात. हेड्रियन ऑगस्ट ११७ मध्ये सम्राट झाला. इजिप्तच्या हिशेबात वर्ष थोथ महिन्याच्या १ तारखेला बदलतं, म्हणून त्याचं पहिलं वर्ष त्याच महिनाअखेर संपलं आणि चौथं ऑगस्ट ११९ मध्ये सुरू झालं. थोथ १ एरवी २९ ऑगस्टला येतो, पण रोमन लीप वर्षाच्या आदल्या वर्षी ३० ऑगस्टला. १२० हे लीप वर्ष, म्हणून इथे ३० धरायचा. महिने ३० दिवसांचे, मेखिर सहावा: पाच महिन्यांचे १५० आणि पुढचे १२, एकूण १६२ दिवस. उत्तर ८ फेब्रुवारी १२०, रवी कुंभेत. २९ ऑगस्ट धरला तर ७ फेब्रुवारी येते आणि चंद्र सुमारे १३ अंश मागे जातो.

संगणकावर कुंडली काढताना हीच एका दिवसाची चूक दुसऱ्या दाराने येते. ही तारीख ज्युलियन आहे. प्रणालीने ती ग्रेगोरियन समजली तर एक दिवस पुढचे ग्रह मिळतात, कारण त्या शतकात ग्रेगोरियन तारीख एकाने कमी येते. आणि बाबा, निरयन (ताऱ्यांवरून मोजलेले) अंश लावू नका, सायन (वसंतसंपातापासून मोजलेले) घ्या. चित्रापक्षाचा (चित्रा तारा आधार धरणारा) अयनांश, म्हणजे या दोन मोजण्यांतला फरक, शून्य झाला तो इ.स. २८५ च्या सुमारास. त्याआधी तो ऋण आहे, १२० मध्ये साधारण उणे सव्वादोन. वालेन्सचे अंश सायनाहून काही अंश पुढे असतात, पण ते बॅबिलोनी परंपरेमुळे, आपल्या अयनांशामुळे नाही. टीपांत मी सायन दिले आहेत आणि फरक वेगळा लिहिला आहे. तास लिहिलेला असेल तर तो आपला ६० मिनिटांचा नाही. सूर्योदय ते सूर्यास्त याचे बारा भाग, म्हणून हिवाळ्यात दिवसाचा तास छोटा.

ग्रीक अक्षरांकडे तुम्ही दोघांनीही फक्त डोळ्यांनी बघा. देवनागरी मजकूर युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये फिरवला की ग्रीकच्या जागी चौकोन येतात, नाहीतर डोक्यावरच्या खुणा गळतात. कुठे चौकोन दिसला तर लाल गोल करा. खुणा मी स्वतः कागदावर अक्षर न अक्षर ताडून बघणार आहे, पडद्यावर त्या सुटतात.

समासातले बारीक आकडे दोन प्रकारचे आहेत, क्रोलच्या आणि पिंग्रींच्या आवृत्तीची पानं. काही ठिकाणी दोघांचे प्रकरणांचे क्रमांक वेगळे आहेत, त्यामुळे दोन्ही दिल्याशिवाय वाचणाऱ्याला मूळ सापडत नाही. शब्दसूची अजून जोडलेली नाही. पानं पक्की झाल्यावरच ती करायची, नाहीतर एक टीप वाढली की सगळी सूची सरकते.

छपाई डेमी आकारात, ७० जीएसएम नॅचरल कागदावर, शिलाईची बांधणी. हे पुस्तक टेबलावर उघडं ठेवून वापरायचं आहे आणि नुसत्या गोंदाने चिकटवलेलं पुस्तक तसं उघडं राहत नाही, महिन्याभरात पानं सुटतात. प्रती ३००. आयएसबीएन केंद्र सरकारच्या संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरावीक ग्रंथालयांना एकेक प्रत कायद्याने द्यावी लागते, तेवढ्या वेगळ्या काढून ठेवते.

बाबा, पेन्सिलीने नको, निळ्या पेनाने खुणा करा. लाल माझ्यासाठी आणि चौकोनांसाठी. ११ व्या पानावरची द्रेष्काणांची सारणी आधी बघा, तिथे तुमचा हात शिवशिवणार हे मला माहीत आहे. आई, प्रस्तावना तू आधी वाच आणि मग बाबांना दे.

तुमची
लेक