'आजचे कार्यक्रम' मध्ये जॅझची पण एक ओळ टाका की

मा. संपादक,
नमस्कार.

पत्र लांबलंय. कापायचं असेल तर मधलं कापा, शेवटची मागणी तेवढी राहू द्या.

तुमच्या पेपरच्या आतल्या पानावर 'आजचे कार्यक्रम' ही बारीक टायपातली चौकट असते ना, ती मी हेडलाईनच्या आधी वाचतो. कीर्तन कुठं, गझल कुठं, नाटक कुठं, पुस्तक प्रकाशनाला पाहुणे कोण, सगळं असतंय त्यात, मुंबई-पुण्याचं पण असतंय. पण मुंबईत आज जॅझ, म्हणजे ते अमेरिकेतनं आलेलं ट्रंपेट-सॅक्सोफोनचं संगीत, कुठं वाजणारे हे इतक्या वर्षांत एकदा पण त्या चौकटीत बघितलं नाही. तुम्ही म्हणाल सोलापुरात बसून याला जॅझ कशाला पाहिजे, तर सांगतो.

आमचा टॉवेलचा धंदा. महिन्यातनं एकदा, सीझनला दोनदा मुंबईला वसुलीला जावं लागतं. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, मार्केटमधली दुकानं उघडेपर्यंत चहा पीत बसायचं, आणि मग दिवसभर "शेठ जेवून या", "शेठ चारला या", "शेठ आज अकाउंटंट आला नाही" असं ऐकत फिरायचं. पाचला काम संपतं, चेक मिळो न मिळो, आणि परतीची सिद्धेश्वर रात्री साडेदहाच्या पुढं. मधले पाच तास काय करायचं? बाकीचे व्यापारी वेटिंग रूममध्ये पिशवी उशाला घेऊन पडतात. मी जॅझ शोधत फिरतो.

हा नाद मामांमुळं लागला. मामा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. वरात दारात पोचेपर्यंत बाकीचे दमून ठेका कसातरी ओढत असायचे आणि मामा मात्र गाण्याची चाल सोडून भलतीकडंच निघून जायचे, आता हे काय परत येत नाहीत असं वाटेपर्यंत, आणि बरोबर ठेक्यावर येऊन टेकायचे. बँड मास्तर शिव्या घालायचा, वऱ्हाडी पैसे ओवाळायचे. मामा म्हणायचे हे माझं नाही रे, हे चिक चॉकलेटचं. मला वाटायचं गोळीचं नाव असंल.

चिक चॉकलेट म्हणजे गोव्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ट्रंपेटवाले, हे फार नंतर कळलं. ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजायचा आणि दिवसा ते आपल्या सी. रामचंद्रांबरोबर सिनेमाच्या गाण्यांवर काम करायचे (पुणतांब्याचे ओ सी. रामचंद्र, आपल्या नगर जिल्ह्यातले). १९५१ चा भगवानदादांचा 'अलबेला' परत बघा, हा बँड चक्क पडद्यावर दिसतोय. त्याच्याही आधी १९३५ ला लिऑन ॲबी नावाचा अमेरिकन माणूस सगळे काळे वादक घेऊन ताजमध्ये वाजवायला आलता, ते ऐकून मुंबईतल्या गोवेकर पोरांनी उचललं. चर्चच्या शाळेत शिकल्यामुळं त्यांना नोटेशन वाचता यायचं, मग रात्री हॉटेल आणि दिवसा स्टुडिओ असा त्यांचा डबल ड्युटीचा संसार चालायचा, अँथनी गोन्साल्विस काय, सेबॅस्टियन डिसोझा काय, फ्रँक फर्नांड काय, आपण जुनी हिंदी गाणी म्हणून जे गुणगुणतो त्यात ह्या लोकांचा हात किती आहे ते कुणी मोजत नाही. तेव्हा जॅझ म्हणजे परदेशी थेर असं म्हणणाऱ्यांनी आधी भगवानदादांच्या नाचावर पाय हलवायचं बंद करावं, मग बोलू.

असो. शोधण्याचं सांगत होतो.

पहिल्या काही वेळा मी सरळ फसलो. एका उपनगरात रस्त्यावर बोर्ड, 'लाइव्ह जॅझ टुनाइट', खाली सॅक्सोफोनचं चित्र. आत गेलो तर एक पोरगा लॅपटॉपवर ट्रॅक लावून जुनी हिंदी गाणी म्हणत होता आणि सॅक्सोफोन भिंतीला खिळ्यावर लटकवलेला, शोभेला. गाणं वाईट म्हणत नव्हता हो, पण आमच्याकडं हुरडा पार्टीला याच्यापेक्षा बरं म्हणणारे आहेत. वर एका लिंबू सरबताचं बिल बघून मला वसुलीच्या गिऱ्हाइकाची थकलेली बाकी आठवली. दुसरीकडं मॅनेजर म्हणाला सर जॅझ असतंय पण बुधवारी, आज शनिवार आहे, आज डीजे. हे मात्र पुढं उपयोगाला आलं, शनिवार-रविवारी गर्दी असती म्हणून नाचाचं लावतात आणि ऐकायचं म्युझिक बहुतेक आठवड्याच्या मधल्या वारी ठेवतात, म्हणजे वसुलीवाल्यासाठी उलट बरंच की.

पण क्लबचा मोठा घोळ म्हणजे वेळ. तिथं वादक साडेनऊला जागेवर बसणार, पहिला सेट तासभर, मग ब्रेक, खरा रंग दुसऱ्या सेटला. साडेदहाची गाडी धरणाऱ्यानं काय करायचं? एकदा मी पहिली तीन गाणी ऐकून टॅक्सीत बसलो, ताटावरनं उठल्यासारखं वाटलं. एकदा हिंमत करून गाडी सोडली आणि मध्यरात्रीची कर्जत लोकल धरून डोंबिवलीला चुलतभावाच्या दारात उभा राहिलो, वहिनीनं दार उघडलं पण त्यानंतर भाऊ फोनवर आधी "मुक्कामाला आहेस का?" हेच विचारतो.

नरिमन पॉइंटच्या एनसीपीएला, म्हणजे ते नाटक-संगीताचं मोठं केंद्र आहे तिथं, जाऊन बघायला मला दोन वर्षं लागली. तिथला कार्यक्रम बहुतेक साडेसहा-सातला सुरू होतो, नऊच्या आत-बाहेर संपतो, टॅक्सीनं सीएसएमटी, वडापाव खाऊन आरामात गाडीत. हे मला कुणीतरी एका ओळीत सांगितलं असतं तर! रोज जॅझ नसतंय तिथं, शास्त्रीय असतंय, नाटकं असतात, पण वर्षभरात मधनंमधनं असतंय आणि साधारण नोव्हेंबरात त्यांचा जॅझचा महोत्सव असतो, बाहेरदेशचे लोक येतात. आणि ३० एप्रिल हा जागतिक जॅझ दिवस, युनेस्कोनं २०११ ला ठरवला आणि २०१२ पासून पाळतात, त्या तारखेच्या आसपास मुंबईत काही ना काही हमखास असतं.

तिथं पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशीचं सांगतो. चौघंच होते. पियानो, सॅक्सोफोन, ड्रम्स आणि माणसापेक्षा उंच तो उभा बास. ड्रमवाल्याच्या हातात काठ्या नव्हत्या, तारांचे झाडूसारखे दोन ब्रश होते आणि तो मारत नव्हता, घासत होता, आमच्या चुलतीचं सुपात ज्वारी पाखडणं आठवलं. शेजारी एक पारशी आजोबा होते, ते हळूच म्हणाले हा ब्लूज आहे, बारा बारचा, मोजा. एक बार म्हणजे चार मात्रा, असे बारा, म्हणजे अठ्ठेचाळीसचं एक आवर्तन समजा. पाचव्या बारला सूर घर सोडून शेजारी जातो, सातव्याला घरी येतो, नवव्याला जरा लांब जातो, अकराव्याला परत घरी. मी मांडीवर बोटं धरून मोजायला लागलो, तीनदा चुकलो, सॅक्सवाला इतका उलटासुलटा फिरत होता की माझी बोटंच भरकटायची. मग सॅक्स सोडून बासवाल्याच्या हाताकडं बघितलं. तो बिचारा एकेक मात्रा पावलं टाकल्यासारखा चालत होता, आणि चौथ्या खेपेला मी आणि तो बरोबर एकाच ठिकाणी पोचलो. पोटात जे झालं ते आमच्या सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात चांगल्या ख्यालाची सम आल्यावर होतं तेच. मी मोठ्यांदा "क्या बात है" म्हणालो, आणि कुणी वळून रागानं बघितलं नाही ओ, उलट तिथं पण एकेकाचा सोलो संपला की मधेच टाळ्या वाजवतात. नंतर सॅक्स आणि ड्रम चार-चार बारांचं आलटून पालटून खेळायला लागले, सरळ सवाल-जवाब. मामा हवे होते.

मुंबईत पूर्वी याची केवढी चंगळ होती ते त्या आजोबांनी मध्यंतरात सांगितलं. चर्चगेटच्या रस्त्यावर हॉटेलाहॉटेलात बँड असायचे. धोबी तलावच्या रंगभवनात १९७८ ला पहिली जॅझ यात्रा झाली, निरंजन झवेरी आणि त्यांच्या जॅझ इंडिया संस्थेनं घडवलेली, उघड्या आभाळाखाली सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवाला वाजवून गेला. नाव बघा ना, यात्रा! आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेसारखंच. नंतर शांतता क्षेत्राचा नियम आला, कॉलेज-हॉस्पिटलपासून शंभर मीटरच्या आत लाऊडस्पीकर नको, आणि रंगभवन बरोबर त्यांच्या मधे, मैफली बंद. २००७ ला लोअर परळच्या जुन्या मिल कंपाउंडमध्ये ब्लू फ्रॉग नावाचं म्युझिकचं ठिकाण निघालं, तेही २०१६ ला मिटलं. आमच्याकडं पण गिरण्या मिटल्या, पण तिथं म्युझिक काय निघालं नाही.

यातनं मला एवढं कळलं की जागेचं नाव पाठ करून उपयोग नाही, जागा बंद पडतात, वादक राहतात. लुई बँक्स १९४१ चे, दार्जिलिंगचे, कित्येक वर्षं मुंबईत पियानो वाजवतायत ('मिले सुर मेरा तुम्हारा'मध्ये आपल्या अशोक पत्कींबरोबर यांचा पण हात आहे), त्यांचा मुलगा जिनो ड्रम्सवर. आता मी मोबाईलवर हॉटेलं नाही, वादक फॉलो करतो, आज कुठं वाजवतोय ते तेच टाकतात. आणि जायच्या आधी त्या जागेला फोन करून विचारतो: स्टेजवर किती जण आहेत, ड्रमवाला माणूस आहे का मशीन, नक्की किती वाजता सुरू, आणि एकट्याला कमीत कमी किती बिल करावं लागतंय. ड्रमवाल्याचा प्रश्न ऐकून पलीकडचा हसतो, पण उत्तर अडखळत आलं की समजायचं, लॅपटॉप.

पण हे सगळं करायला रिकामा वेळ आणि पोराचा मोबाईल लागतो, आणि आमच्या लाईनीतले बरेच जण फक्त पेपर वाचतात. म्हणून मागणी एवढीच की त्या चौकटीत मुंबई-पुण्याच्या जॅझची एक ओळ टाकत जा. जागा, वेळ, तिकीट आहे का नाही. कुणाचा फोटो नको, परीक्षण नको. तुमच्या मुंबई ऑफिसला एनसीपीएचा महिन्याचा कार्यक्रम येतच असणार, त्यातलं नाटक उचलता तर खालची ओळ पण उचला. आणि जमलं तर त्या दिवशीच नको, आठ दिवस आधी छापा, कारण आम्हाला गाडीचं बघावं लागतं. माझी पुढची वसुली येत्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आहे, बुधवार का गुरुवार ते तुमच्या ओळीवर ठरवतो. सिद्धेश्वरचं वेटिंग आत्ताच चाळीसच्या वर गेलंय.

आपला नियमित वाचक,
एक टॉवेलवाला, सोलापूर